जंगल उभं आहे, पण आत कोण आहे?

कांगो खोऱ्यातल्या जंगलांबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

उपग्रहाच्या नकाशात कांगोचं खोरं अजून गर्द हिरवं दिसतं. मग एवढी काळजी कशाची? (नाशिक)

उपग्रहाला शेंडे दिसतात, खाली कोण फिरतंय ते दिसत नाही. कॅमेरून, गॅबॉन, इक्वेटोरियल गिनी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि दोन्ही कांगो यांत पसरलेलं हे वर्षावन ॲमेझॉनखालोखाल जगात सर्वांत मोठं. पण ते आतून रिकामं होत चाललंय. तिथला हत्तीच बघा. गवताळ आफ्रिकेतल्या भाऊबंदांपेक्षा बुटका, कान गोलसर, सुळे सरळ खाली उतरलेले. 2021 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला स्वतंत्र जात धरून ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. 31 वर्षांत त्याची संख्या 86 टक्क्यांहून जास्त घटली होती. मादीला पहिलं पिल्लू होतं साधारण तेविसाव्या वर्षी, पुढचं पाच-सहा वर्षांनी. त्यामुळे एका रात्रीची शिकार भरून यायला पिढ्या लागतात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात झांगा बाई नावाची जागा आहे. ‘बाई’ म्हणजे जंगलातली पाणथळ मोकळी जागा. हत्ती तिथे क्षारांसाठी जमतात. (आपल्या बाईशी संबंध नाही, पण पिल्लांना घेऊन येणाऱ्या हत्तिणींचा राबता पाहता नाव शोभतं.) मे 2013 मध्ये, देशात सत्तापालट झालेला असताना, तिथे किमान 26 हत्ती मारले गेले.

हत्ती मोआबीसारख्या झाडांची मोठाली फळं खातो आणि बिया कित्येक किलोमीटरवर शेणातून टाकतो. अशी झाडं बहुधा जड लाकडाची, जास्त कार्बन धरून ठेवणारी. हत्ती संपला तरी नकाशा पुढची बरीच वर्षं हिरवाच राहील.

आमचे मिस्त्री म्हणतात, हल्ली प्लायवूडचा फेस (वरचा पातळ थर) गॅबॉनहून येतो. आपण घरात जंगलतोड आणतोय का? (पुणे)

मिस्त्री बरोबर सांगतायत. म्यानमारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर गर्जन लाकडाच्या फेसची ओढाताण झाली आणि त्याच्या जागी गॅबॉनचं गुलाबीसर ओकुमे लाकूड आलं. गॅबॉननेही 2010 पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय, त्यामुळे लाकूड तिथेच पातळ पापुद्र्यांत सोललं जातं. त्यात भारतीय कंपन्याही आहेत.

तिथे सरसकट तोड होत नाही, हेक्टरी एखाद-दोन झाडं काढतात. माझ्या मते खरी अडचण रस्त्याची. ट्रकसाठी केलेल्या रस्त्यानेच बंदूक आत जाते आणि मांस बाहेर येतं. जबाबदार कंपन्या काम संपल्यावर रस्ते बुजवतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासतात. 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात, गॅबॉन आणि कांगो प्रजासत्ताकातल्या एफएससी प्रमाणित (लाकूड जबाबदारीने काढल्याचा शिक्का असलेल्या) जंगलपट्ट्यांत 100 किलोंवरचे प्राणी इतर पट्ट्यांच्या 2.7 पट आढळले. तेव्हा दुकानात तो शिक्का मागाच. नसेल तर दुकानदार काय कारण सांगतो तेही ऐका.

मुलीला आफ्रिकन ग्रे पोपट हवाय. घ्यावा का? (ठाणे)

नको. हा याच जंगलांतला पक्षी. 2016 मध्ये साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे रानातून धरलेल्या पक्ष्यांचा व्यापार बंद. घरी आधीच असेल, तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा.

तिथली माणसं हलवली तर जंगल वाचणार नाही का? (गडचिरोली)

करून झालंय. लोकशाही कांगोतलं, आज विरुंगा म्हणतात ते राष्ट्रीय उद्यान बेल्जियन राजवटीने 1925 मध्ये काढलं आणि तोच कित्ता पुढे गिरवला गेला. बाका, आका असे पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारे लोक आपल्याच रानात चोर ठरले. वनरक्षकांनी मारहाण केल्याच्या तक्रारींच्या चौकश्या झाल्या. शिवाय हस्तिदंतासाठी येणाऱ्या टोळ्यांची चाहूल सगळ्यांत आधी लागते ती यांनाच!

लोकशाही कांगो प्रजासत्ताकात 2014 पासून गावाला 50,000 हेक्टरपर्यंत सामूहिक जंगल मागता येतं. तुमच्या शेजारच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये मिळालं ते सुमारे 1,800 हेक्टर. पण मेंढा-लेखालाही हक्क मिळाल्यावर स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला 2011 उजाडलं. कांगोतली कितीतरी गावं अजून त्याच्याही आधीच्या पायरीवर आहेत: हद्दीचा नकाशा काढून देणारं कुणीतरी शोधायचं.