गच्चीवरून ड्रोन उडवू का?

प्रश्न: माझा ड्रोन २४० ग्रॅमचा. गणपतीची मिरवणूक आमच्या गच्चीवरून टिपायची आहे. परवाना लागेल का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण भाऊ, तुमच्या घराशेजारी विमानतळ आहे! तिथे वजन कमी म्हणून सूट नाही. परवानगीशिवाय उडवूच नका. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपला भाग लाल (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद), पिवळा (हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी हवी) की हिरवा (परवानगी नको) ते पाहा. मुंबई पोलीसही वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत.

मला दंडापेक्षा खालच्या गर्दीची काळजी वाटते. बॅटरी संपली, तर फिरत्या पात्यांसकट ड्रोन ढोल-ताशावाल्या पोरांच्या डोक्यावर. गच्चीच्या कठड्यावरून मोबाइलनेच टिपा.