ठाणे खाडीतील कालवे (ऑयस्टर) पावसाळ्यात एकदम मरतात, ती रोगाने की पाणी बिघडल्याने?

बहुतेक वेळा दोन्हींच्या जोडीने; पण भर पावसात पहिला घाव रोगजंतूंचा नसून खारटपणा अचानक उतरण्याचा असतो. मुसळधार पावसाने ऐरोली-वाशीकडचे पाणी गोडसर झाले की कालवे आणि शिणाणे (मसल) आपले शिंपले घट्ट मिटून घेतात. मग अन्न व प्राणवायू दोन्ही तुटतात, अंगातला साठा खर्ची पडतो, आणि सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू आधीच कमी असेल तर शिंपला पुन्हा उघडूनही ती सावरत नाहीत. पर्किन्सस या कुख्यात परजीवीचे गणित मात्र उलटे आहे: त्याला उबदार आणि खारट पाणी मानवते, म्हणून त्याचा संशय उन्हाळ्याच्या अखेरीस घ्यावा. तथापि नुसत्या उघड्या शिंपल्यांवरून कारण ठरत नाही. त्यासाठी मरणपंथाला लागलेल्या कालवाचे मांस थायोग्लायकोलेट माध्यमात (प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात) काही दिवस ठेवून त्यावर आयोडीन टाकतात. पर्किन्सस असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली निळ्याकाळ्या गोल पेशी दिसतात. हा परजीवी माणसाला बाधत नाही, परंतु खाडीतले सांडपाण्याचे जंतू बाधतात, आणि मांसात साठलेले जड धातू तर उकळूनही जात नाहीत.