तणमोरातलं 'तण' कोणतं?

मंगरूळपीरकडच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. सहावीच्या वर्गात गावातल्या पक्ष्यांची यादी करताना एका मुलानं 'तनमोर' लिहिलं, दुसऱ्यानं 'तणमोर'. बरोबर कोणतं? 'तण' बरोबर असेल, तर निंदून फेकायच्या गवताचं नाव पक्ष्याला कशाला दिलं? आणि तो मोर तरी आहे का?

ताई, लिहायचं 'तणमोर'च. पण 'तनमोर' लिहिणाऱ्या पोराच्या वहीत लाल रेघ ओढू नका. त्यानं घरी ऐकलं तेच लिहिलंय. आपल्या वऱ्हाडीत 'ण'चा 'न' होतो: पाणी 'पानी', कोण 'कोन', आणि वावरात 'लय तन झालं'. त्याच्या तोंडातलं 'तन' म्हणजे अंग नव्हे, तण-गवतच. संस्कृतात तृण, प्राकृतात तण, मराठीत तण अशी ही सरळ वाट आहे. हिंदीतला 'तिनका' त्याच तृणाच्या घरचा.

आता खरा प्रश्न अर्थाचा. तृण म्हणजे गवत, कुठलंही. पिकात नको असताना उगवलेलं गवत हा अर्थ त्यातून पुढे आकसत आला आणि आता बहुतेक ठिकाणी तोच उरलाय, कारण हा शब्द आपण सगळ्यात जास्त वाचतो तो तणनाशकाच्या डब्यावर. जुना अर्थ विदर्भात अजून जिवंत आहे, फक्त थोडं पूर्वेला जावं लागतं. भंडारा-गोंदियाकडे धानाची मळणी झाल्यावर जो पेंढा उरतो त्याला 'तणस' म्हणतात. घरामागे त्याचे ढीग रचतात आणि बैलं वर्षभर ते खातात. त्या तणसाला नको असलेली वस्तू म्हणून बघा बरं कुणासमोर! तणमोरातलं तण हे असं आहे. ते कुरणाचं गवत आहे: पवन्या, शेडा, कुसळी, मारवेल.

शेजारच्या भाषा ऐकल्या की शंकाच राहत नाही. गुजरातीत हा 'खडमोर'. खड म्हणजे गवत. हिंदीत 'खरमोर', हे खर म्हणजेही गवतच. गंमत म्हणजे हिंदीत 'खरपतवार' म्हटलं की तेही पिकातलं तणच होतं, म्हणजे आपल्यासारखाच त्यांचाही शब्द गवताकडून नकोशा गवताकडे सरकलाय. मध्य प्रदेशात रतलाम जिल्ह्यात सैलान्याला या पक्ष्यासाठी 1983 साली अभयारण्य झालं, ते खरमोर याच नावानं ओळखलं जातं. तीन भाषांतल्या माणसांनी गवतात एकच पक्षी पाहिला आणि नावही एकाच रीतीनं घडवलं.

मोर मात्र तो नाही. तो माळढोकाच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यात लहान. नर जेमतेम दीड फूट लांब, म्हणजे कोंबडीएवढा. या कुळातल्या पक्ष्यांना पायाला पुढची तीनच बोटं असतात, मागचं बोट नसतंच. फांदी पकडायची कशानं? म्हणून तणमोर झाडावर बसत नाही. संध्याकाळी चिंचेवर, लिंबावर चढून बसतो तो मोर. तणमोराची रात्रही जमिनीवरच जाते. मुलांना हा एक फरक सांगितला तरी पुरे.

मग मोर का म्हणायचं? मराठीत पक्ष्याला नाव देताना आधी त्याची जागा सांगतात आणि मग ओळखीच्या पक्ष्याशी नातं जोडतात. पाणकावळा कावळा नाही. माळढोकही ढोक नाही, ढोकासारखा उंच पायांचा, पण माळावरचा. तणमोर हा गवतातला मोर, आणि इथं नातं नाचाचं आहे.

हे मला पुस्तकातून नाही पटलं. अकोला-वाशिमच्या शिवेवर एका ई-क्लासात, म्हणजे सरकारी गायरानात, ऑगस्टमधल्या सकाळी, धुऱ्यावर बसलो होतो. समोर मांडीपर्यंत गवत, पाऊस नुकता थांबलेला, दिसत काहीच नव्हतं. मग गवतातून कुणीतरी काळी चिंधी वर भिरकावावी तसं काहीतरी पुरुषभर उंच उडालं. मान मागे ओढलेली, पाय पोटाशी, पंखांची फडफड आणि बेडकासारखा कोरडा 'टर्रर्र'. वर क्षणभर थांबल्यासारखं झालं, पांढरे पंख चमकले, आणि पंख मिटून ते दगडासारखं खाली पडलं. पुन्हा नुसतं गवत. थोड्या वेळानं त्याच जागेवरून पुन्हा उडी. विणीच्या हंगामात नर दिवसाला 500 पर्यंत अशा उड्या मारतो. गवत उंच, पक्षी बुटका. मादीला दिसायचं तर गवताच्या वर येण्याशिवाय त्याला इलाज नाही. पाऊस पडला की नाचणारा हा दुसरा पक्षी. मोर म्हणावंसं वाटणारच.

तुरा हेही कारण असावं, असं मला वाटतं. पावसाळ्यात नराचं डोकं, मान, पोट काळंभोर होतं आणि कानामागून दोन्ही बाजूंना तीन-तीन लांब पिसं निघतात, टोकाला चमच्यासारखी रुंद. मोराच्या तुऱ्याची टोकंही तशीच रुंद असतात. पाऊस सरला की तुरा झडतो, काळा रंग जातो आणि नर मादीसारखा मातकट दिसू लागतो. तणमोर ऐकलेले पुष्कळ आणि पाहिलेले थोडे, त्याचं एक कारण हेही. दुसरं कारण जास्त दुखतं: पक्षीच फार उरले नाहीत. 2021 पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. ई-क्लास वहितीत गेले, गवताच्या जागी सोयाबीन आलं, तसा बोलण्यातूनही हा शब्द जातोय. म्हणून तुमच्या वर्गातल्या दोन मुलांनी तो लिहिला, याचा मला फार आनंद झाला.

ताईंनी शेवटी विचारलंय, मोराची लांडोर, तर तणमोराची काय? वेगळं नाव माझ्या कानावर कधी आलेलं नाही. 'तणमोराची मादी' म्हणावं. नाव ठेवणाऱ्यांना उडणारा नर दिसला. मादी नरापेक्षा मोठी, पण ती उडी मारत नाही. गवतात किंवा उभ्या पिकात, काडीही न रचता, उघड्या जमिनीवर ती तीन-चार अंडी घालते आणि तीन आठवडे एकटीच उबवते. अगदी जवळ जाईपर्यंत ती हलत नाही. निंदायला गेलेल्या बायांना ती नरापेक्षा जास्त वेळा दिसली असेल. मुलांना घरी जाऊन आजीला विचारायला सांगा, ती तिला काय म्हणायची. नाव मिळालं तर मला जरूर कळवा.