मणक्यांच्या ऑपरेशननंतर खुब्याच्या बाजूला दुखतं, कुशीवर झोपता येत नाही म्हणतेस ना?

अगं, घाबरू नकोस, पाठीत बसवलेला रॉड सरकला असं लगेच धरून चालू नकोस. मलाही ऑपरेशननंतर वर्षभराने हेच झालं होतं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाड हाताला लागतं, तिथे बोट दाबलं की जीव जायचा. तिथल्या हाडावर पाण्याने भरलेली पातळ पिशवी असते, ती सुजते. पाठीचे मणके जोडले की कंबर पहिल्यासारखी वाकत नाही. मग वाकण्याचं, वळण्याचं काम खुब्यावर येतं.

रात्री दुखरी बाजू वर ठेव आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी घे. माझी जुनी गोधडी गुंडाळून केलेली आहे, विकतच्यापेक्षा बरी! बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. पायावर पाय टाकून बसणं बंद, जिनेही थोडे दिवस कमी कर.

ब्रुफेनसारखी गोळी मात्र सर्जनला विचारल्याशिवाय नको, हाड जुळायच्या काळात बरेच डॉक्टर ती टाळतात. खरा फरक मला फिजिओने शिकवलेल्या कुल्ह्याच्या व्यायामांनी पडला, तोही दीड-दोन महिन्यांनी. इंजेक्शन घेतलं होतं, पण ते तात्पुरतं.

ताप आला, जखम लाल झाली किंवा पायाला मुंग्या-बधिरपणा आला, तर माझं ऐकत बसू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.