हबलबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

एप्रिल आला की हबल दुर्बिणीच्या वाढदिवसाचे फोटो ग्रुपवर फिरायला लागतात आणि त्यामागोमाग माझ्याकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. एकेकाला वेगळं उत्तर देणं आता जमत नाही, म्हणून इथे एकत्रच देतेय.

प्रश्न: ही दुर्बीण एडविन हबल यांनी बनवली ना?

नाही. ते १९५३ लाच गेले, दुर्बीण अवकाशात गेली २४ एप्रिल १९९० ला. नाव फक्त सन्मान म्हणून दिलंय. कल्पना १९४६ मध्ये मांडली लायमन स्पिट्झर यांनी आणि नासात ती उभी राहावी म्हणून वर्षानुवर्षं खपल्या नॅन्सी ग्रेस रोमन.

प्रश्न: एका व्हिडिओत सांगितलं की हबलच्या फोटोंतले रंग खोटे असतात. खरं काय?

व्हिडिओवाल्यानं फोटोखालची माहिती वाचली असती तर हा प्रश्नच आला नसता. हबलचे कॅमेरे मुळात कृष्णधवल फोटो घेतात, दर वेळी पुढे वेगळा फिल्टर लावून, आणि मग त्या फोटोंना एकेक रंग देऊन ते एकावर एक बसवतात. १९९५ च्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’मध्ये गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही तो प्रकाश खरं तर लालच, तसाच ठेवला तर कुठे काय आहे ते वेगळं कळणारच नाही. म्हणजे रंगात माहिती आहे, फसवणूक नाही. मात्र हल्ली हबलच्या नावावर एआयनं बनवलेली चित्रंही फिरतात, त्यामुळे पुढे पाठवण्याआधी नासा किंवा ईसाच्या (युरोपच्या अवकाश संस्थेच्या) साइटवर मूळ फोटो शोधा, नाही सापडला तर जाणकाराला दाखवा.

प्रश्न: नासासारख्या एवढ्या मोठ्या संस्थेत हबलचा आरसा चुकीचा घासला गेला आणि कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

लक्षात आलं होतं हो! म्हणूनच ह्या प्रश्नावर मी थोडी जास्त बोलणार आहे.

आरसा २.४ मीटरचा. घासताना तो तपासायला ‘नल करेक्टर’ नावाचं खास उपकरण केलं होतं. त्यातली लेन्स नेमक्या अंतरावर बसवायला एक धातूची कांडी वापरली, कांडीच्या टोकाला काळ्या लेपाची टोपी होती आणि तो लेप एका जागी उडालेला होता. मापाचा प्रकाश कांडीच्या टोकावरून परतायच्या ऐवजी टोपीवरून परतला आणि लेन्स १.३ मिलिमीटर चुकली. लेन्स तेवढी खाली जाईना, तर लोकांनी वायसर घालून ती बसवली, पण असं का होतंय हे थांबून कुणी विचारलं नाही. आरसा मग त्या चुकीच्या मापानं अगदी काटेकोर घासला गेला, कडेला साधारण २ मायक्रॉन जास्त, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा हिस्सा.

आणि आता ऐका, दुसऱ्या दोन उपकरणांनी गडबड दाखवली होती. पण ‘ती उपकरणं तेवढी अचूक नाहीत’ म्हणून ती मापं बाजूला ठेवली गेली, कारण काम आधीच लांबलेलं, खर्च वाढलेला. आरसा १९८१ मध्ये तयार झाला, त्यानंतर नऊ वर्षं जमिनीवरच होता आणि तरी पूर्ण दुर्बीण जोडून एकदाही तपासली नाही. कोडॅकनं केलेला राखीव आरसा बरोबर होता, तो आज वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे! डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातल्या अंतराळवीरांनी वर जाऊन नवा कॅमेरा आणि ‘कोस्टार’ नावाचे छोटे सुधारक आरसे बसवले तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. दुसरं माप पहिल्याशी जुळत नसेल तर काम तिथेच थांबवायचं, मग तारीख हुकली तरी चालेल, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

प्रश्न: रिकाम्या आकाशाकडे दहा दिवस बघून काय मिळालं?

सुमारे ३००० दीर्घिका. डिसेंबर १९९५ मध्ये हबलचं काम बघणाऱ्या संस्थेचे संचालक बॉब विल्यम्स यांनी आपल्या वाट्याचा वेळ सप्तर्षीतल्या एका इवल्याशा तुकड्यावर लावला. काही मिळणार नाही असं सांगणारे बरेच होते. ३४२ फोटो एकत्र केल्यावर त्यात अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश दिसला आणि दीर्घिका कशा वाढत गेल्या हे ताडून बघायची सोय झाली.

प्रश्न: जेम्स वेब आली, आता हबल बंद ना?

नाही. वेब अवरक्त प्रकाश बघते, हबल दृश्य आणि अतिनील, जो आपल्या हवेतून खाली फारसा पोचतच नाही. शेवटची दुरुस्ती २००९ ची, जून २०२४ पासून हबल एकाच जायरोवर, म्हणजे दुर्बिणीची दिशा सांभाळणाऱ्या उपकरणावर, चालवतात.

प्रश्न: मुलासाठी ‘५२५ पट’वाली दुर्बीण घेऊ का? खोक्यावर हबलचा फोटो आहे.

नका घेऊ. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटीच्या पुढे फक्त धूसर ठिपका मोठा होतो, आणि खोक्यावरचा फोटो त्या दुर्बिणीतून कधीच दिसणार नाही. पैसे भरण्याआधी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा मुंबईच्या खगोल मंडळात जाऊन कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा बघा, मग ठरवा.

प्रश्न: ताऱ्याला नाव द्यायचं सर्टिफिकेट खरं असतं का?

नाही. नावं ठरवते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, आणि ती नावं विकत नाही.

प्रश्न: मुलगी बारावीत आहे. एक क्लासवाला हबलचा डेटा मिळवून देतो म्हणून फी मागतोय. द्यावी का?

डेटासाठी एक रुपया देऊ नका. ज्यानं निरीक्षण मागितलं त्याच्याकडे तो काही महिने राखून ठेवतात, नंतर ‘मास्ट’ नावाच्या संग्रहात जगातल्या कुणालाही फुकट. अवघड असतं ते तो वाचणं, त्यासाठी आधी तिच्या फिजिक्सच्या शिक्षकांशी बोला आणि मग पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेला लिहा. २०२० मध्ये तिथल्याच टीमनं आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेच्या डेटातून, हबलनं आधी खोलवर टिपलेल्या आकाशाच्या तुकड्यातच, ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश शोधला होता. पत्र मुलीलाच लिहू द्या आणि परीक्षेनंतर बघू म्हणून लांबवू नका.