अ‍ॅसिडिटीवर मॅग्नेशियम-कॅल्शियम घेणार असशील तर

अरे, आधी डबीवर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते पोटातलं आम्ल मारतं, जळजळ लगेच कमी होते, पण रोज घेतलंस तर शौचाला कडक होतं, आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं बरोबर उलटं, जास्त झालं की जुलाब, म्हणूनच बऱ्याच अँटासिडमध्ये (आम्ल मारणाऱ्या औषधांत) मॅग्नेशियमसोबत जुलाब आवरायला अ‍ॅल्युमिनियम घालतात. मॅग्नेशियम ग्लायसिनेट वगैरे महागड्या कॅप्सूल जळजळीसाठी घेऊ नकोस, त्या आम्ल मारायला नसतातच. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको, हे मी कळकळीने सांगतोय. थायरॉइडची गोळी सकाळी घेतोस ना, मग कॅल्शियम किंवा अँटासिड निदान 4 तासांनी, नाहीतर ती गोळी नीट शोषली जात नाही. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल (पोटात आम्ल तयार होणंच कमी करणाऱ्या गोळ्या) वर्षभर चालू असेल तर शरीरातलं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, तेव्हा रक्त तपासून घे, आणि कॅल्शियमची कमी भरून काढायची असेल तर कॅल्शियम सायट्रेट बघ, ते शोषायला पोटातलं आम्ल लागत नाही. रात्रीचं जेवण आणि झोप यात 3 तास ठेव, डाव्या कुशीवर झोप. गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल किंवा वजन उतरत असेल तर गोळ्या चघळत बसू नकोस, सरळ डॉक्टरांना एंडोस्कोपीचं (तोंडातून नळी घालून पोट आतून बघायच्या तपासणीचं) विचार. आणि छातीत दुखून घाम आला तर अ‍ॅसिडिटी समजून थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल.