सर आता मला ओरडत नाहीत

मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलणं हे माझं काम, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. आमच्या मुलीचा, मुलाचा कोच फार कडक आहे, पोर घरी येऊन गप्प बसतं, काढून घेऊ का तिथून? की एवढं सोसलं तरच पुढे जाईल? फुटबॉलवाले विचारतात, स्विमिंगवाले विचारतात, भरतनाट्यमच्या आया पण विचारतात. एका ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून गेल्या वर्षीची एक केस सांगते. त्या कुटुंबाला विचारून लिहितेय, मुलीलाही विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिला घरी बाय म्हणतात, आपल्याकडे अर्ध्या गोव्यात मुलींना बायच म्हणतात, तेव्हा मीही इथे बायच म्हणते.

बाय 13 वर्षांची, फोंड्याजवळची. आठवड्यातून चार दिवस बाबा तिला टेनिससाठी पणजीला नेत, शाळेतून थेट. गणेश चवथीनंतर पाऊस कमी झाला, कोर्ट वाळली, प्रॅक्टिस पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून प्रॅक्टिसच्या दिवशी हिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरना दाखवलं, सोनोग्राफी केली, काही नाही. प्रॅक्टिसनंतर पणजीत भाजी-पाव खाल्ल्याशिवाय गाडीत न बसणारी मुलगी, आता सरळ मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून घ्यायची. आईने माझा नंबर शोधला.

पहिल्या दिवशी आई, बाबा आणि आईचा भाऊ, म्हणजे मामा, असे तिघं आले. मामा येण्याचं कारण असं की बाबांच्या डोक्यात बायला बाहेरच्या राज्यात राहून शिकायच्या अकॅडमीत घालायचं होतं आणि मामाचा त्याला कडाडून विरोध होता. खरं सांगते, पहिली पंचवीस मिनिटं बायबद्दल कोणी बोललंच नाही, सगळं बोलणं निक बोलेटिएरीबद्दल.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोलेटिएरी हा अमेरिकेचा टेनिस कोच, 1931 चा जन्म, 2022 मध्ये वारला. स्वतः मोठा खेळाडू कधीच नव्हता, सैन्यात पॅराट्रूपर होता, मग वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून टेनिस शिकवायला लागला. 1978 मध्ये त्याने फ्लोरिडात ब्रॅडेंटनला अकॅडमी काढली, पोरं तिथेच राहणार, तिथेच जेवणार, शाळा करून उरलेला वेळ कोर्टवर. आज जगभर ज्या राहून शिकायच्या टेनिस अकॅडम्या दिसतात त्यांचा साचा बराचसा तिथून आला. आगासी, कुरियर, सेलेस, शारापोव्हा असे एकाहून एक चॅम्पियन तिथून गेले. 2014 मध्ये त्याला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

बाबांचं म्हणणं, अहो मॅडम, त्या माणसाने पोरांना मऊ ठेवलं असतं तर एवढे चॅम्पियन निघाले असते का, फोरहँड म्हणजे हत्यार हे त्यानेच शिकवलं, सकाळपासून रात्रीपर्यंत दमवायचा म्हणून ती पोरं उभी राहिली, बायचे सर पण त्याच पद्धतीचे आहेत आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. मामा म्हणाला, भावजी, त्याच आगासीने आत्मचरित्रात त्या जागेला तुरुंग म्हटलंय ते पण सांगा की. तेराव्या वर्षी लास वेगासहून पाठवलेलं पोर, तिथे केस रंगवून, कानात डूल घालून बंड करत होतं, ते काय मजेत होतं म्हणून? आणि चार नावं सगळे घेतात, बाकीच्या शेकडो पोरांचं काय झालं ते कोण सांगतंय? बाबा म्हणाले, मग निक गेला तेव्हा त्याच आगासीने त्याचे आभार का मानले?

दोघंही खरं बोलत होते, हीच तर गंमत आहे अशा वादांची. आगासीचा खेळ दहाएक मिनिटं बघून बोलेटिएरीने त्याच्या बापाला फी नको म्हणून कळवलं, पोराला फुकट ठेवून घेतलं. त्याच जागेचा आगासीला राग होता आणि त्याच माणसाबद्दल शेवटी मायाही. एखाद्या गुरूबद्दल पोराच्या मनात दोन्ही असू शकतं, अगदी एकाच दिवशी असू शकतं. आईबाप मात्र मला येऊन विचारतात की कोच चांगला की वाईट ते एकदाचं ठरवून द्या. मी तिघांनाही म्हटलं की तुमचा वाद मला ऐकायला आवडतोय पण पुढच्या वेळी बायला एकटीला पाठवा.

बाय आली ती रॅकेट घेऊनच. बसल्या बसल्या हँडलवरची ओव्हरग्रिप सोडवायला लागली. शेवटाची टेप काढायची, पूर्ण पट्टी उलगडायची, मग परत खालून वर, तिरकी, थोडी ताणून, थोडी एकावर एक घेत गुंडाळत जायची, वर पोचली की टेप लावायची आणि परत सोडवायची. मी काही म्हटलं नाही. तीनदा झालं. मग विचारलं, सर फार ओरडतात का गं? तर मान न वर करता म्हणाली, "नाही. सर आता मला ओरडत नाहीत."

मला वाटलं बरं झालं, म्हणजे सुधारणा आहे. मग तिचा चेहरा बघितला.

पुढच्या भेटीला तिने गणिताची वही आणली. मागच्या पानावर रेघा मारल्या होत्या, चार उभ्या आणि एक आडवी, आपण शाळेत मोजायला मारतो तशा, आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख. सरांनी प्रॅक्टिसमध्ये किती वेळा तिचं नाव घेतलं त्याचा हिशोब होता तो. पावसाळ्याआधी 22, 19, 25. चवथीनंतर 4, 3, 3, एके दिवशी 1. त्या 1 पुढे कंसात लिहिलं होतं, "बॉल गोळा कर". चवथीनंतर एक नवीन मुलगी आली होती, उंच, सर्व्ह जोरदार, आणि सर सगळा वेळ तिच्याच कोर्टवर. बाय शेजारच्या कोर्टवर बास्केटमधले बॉल मारत राहायची आणि कान तिकडे.

मी बरीच वर्षं हे काम करतेय, तरी ती वही बघून मला दोन मिनिटं बोलता आलं नाही. घरात तीन मोठी माणसं सरांच्या ओरडण्यावर भांडत होती, आणि पोरीला दुखत होतं ते सरांच्या गप्प बसण्याचं. कोचचा प्रभाव म्हणतो ना आपण, तो कुठवर गेलेला असतो ते अशा वेळी कळतं. मुलीने स्वतःची किंमत एका माणसाच्या नजरेवर टांगून ठेवली होती, नजर वळली की किंमत शून्य. यात सर कडक आहेत की मऊ याचा तसा संबंधच नाही. खूप प्रेमळ कोचच्या बाबतीतसुद्धा हे होतं, कधी कधी जास्तच होतं.

इथे मी एक चूक केली. तिला एकटं वाटू नये म्हणून मी तिला जिम कुरियरची गोष्ट सांगितली. कुरियर आणि आगासी दोघेही बोलेटिएरीच्याच अकॅडमीत वाढलेले. 1989 च्या फ्रेंच ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत दोघं समोरासमोर आले आणि बोलेटिएरी जाऊन बसला आगासीच्या बाजूला. कुरियरने ती मॅच जिंकली, आणि मग त्याने बोलेटिएरीला सोडलं, दुसऱ्या कोचकडे गेला. 1991 मध्ये त्याच पॅरिसमध्ये, फायनलमध्ये, त्याने आगासीला पाच सेटमध्ये हरवलं आणि 1992 मध्ये जगात नंबर वन झाला.

बायने ग्रिप सोडवायचं थांबवलं. डोळे चमकले. "म्हणजे मी पण तिला हरवून सरांना दाखवून देऊ?"

तिथेच मला कळलं की मी भलतंच काहीतरी तिच्या हातात दिलं. दाखवून द्यायचं म्हणजे परत सरांनाच दाखवायचं, परत तीच नजर. त्यात ती नवीन मुलगी शत्रू होणार, आणि ती बिचारी पण 13 चीच, उद्या तिच्याही रेघा कमी होणारच आहेत. म्हणून मी पुढचं सांगितलं जे आधी गाळलं होतं. ज्या आगासीच्या बाजूला बोलेटिएरी बसला होता त्यालाही 1993 मध्ये बोलेटिएरीने सोडलं, समोर बसून नाही, पत्र पाठवून. आणि आगासी त्या वेळी विम्बल्डन जिंकलेला होता बरं का, 1992 ला. जिंकल्याने सरांची नजर कायमची राहते असं नाही हे तिला कुठेतरी पोचलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग आगासीने काय खेळायचं सोडलं?" मी म्हटलं नाही, 1994 मध्ये वेगळ्या कोचबरोबर सीडिंग म्हणजे मानांकन नसताना यूएस ओपन जिंकला. ती म्हणाली, "हं." एवढंच. पण त्या दिवशी ग्रिप नीट गुंडाळून, टेप लावून तशीच ठेवली.

मग मी सरांना भेटले, आईबाबांच्या आणि बायच्या परवानगीने. मला वाटलं होतं माणूस वैतागेल, पण त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, तिचा बॅकहँड बसलाय, फोरहँड बसलाय, आता सारखं काय बोलू, मी बोलत नाही म्हणजे ती बरोबर खेळतेय, पोरांना हे कळतं. मी त्यांना वहीबद्दल सांगितलं, आकडे सांगितले. ते गप्प झाले. नवीन मुलीला आयटाच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, अंडर-14 स्पर्धांना न्यायची घाई आहे आणि त्यामुळे लक्ष तिकडे गेलंय हे पण त्यांनी कबूल केलं. मला त्यांचं पटलं का? अर्धं. गप्प बसणं म्हणजे शाबासकी हे मोठ्यांना वाटतं, तेरा वर्षांच्या पोराला कोणीतरी तसं तोंडाने सांगावं लागतं. ठरलं एवढंच की प्रॅक्टिस संपल्यावर पाच मिनिटं ते तिच्याशी बोलतील, काय बसलं, काय नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते ती सांगेल, सर नाही.

बाबांचं काम जास्त अवघड होतं. गाडीत बसल्या बसल्या ते विचारायचे, आज सर काय म्हणाले? प्रेमानेच विचारायचे. पण बघा, खेळ पोरीचा आणि प्रश्न सरांबद्दल. त्यांना मी सांगितलं की घरच्या वाटेवरचा बाणस्तारीचा पूल येईपर्यंत टेनिसचा ट सुद्धा काढायचा नाही, त्यानंतरही तिने काढला तर बोला, नाहीतर सरळ घर. पहिले काही दिवस म्हणे पुलाच्या आधी, जुन्या गोव्यापर्यंतच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग एकदा पूल ओलांडल्यावर, म्हार्दोळच्या आसपास तिनेच मागून सांगितलं की सेकंड सर्व्ह आत पडत नाही आणि तिला भीती वाटते. बाबांनी मला फोन करून सांगितलं तेव्हा आवाज भरून आला होता, म्हणाले, भीती वाटते हे तिने मला पाच वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

अकॅडमीचं काय? बायला विचारलं. कोणी विचारलंच नव्हतं तिला. ती म्हणाली, दहावीनंतर बघूया, आता आजीला सोडून नको. मामाला वाटलं तो जिंकला, पण तिने नाही म्हटलेलं नाही, नंतर म्हटलंय, हे मी त्याला दोनदा सांगितलं. काही मुलं राहून शिकायला खरंच फुलतात, मी बघितलीत. शारापोव्हा लहान वयातच रशियातून बापाबरोबर फ्लोरिडाला आली आणि टिकली. पण ते पोराला विचारून, घरी रोज मोकळेपणी फोन करता येईल अशी सोय बघून, आणि नको झालं तर परत यायची वाट उघडी ठेवून.

आता मूळ प्रश्नावर येते. काही ठिकाणी विचारच करायचा नाही, त्याच दिवशी काढायचं. कोच मारतो, अंगावर, वजनावर घाणेरडं बोलतो, दुखापत लपवून खेळायला लावतो, घरी सांगू नको म्हणतो, एकट्याला बंद खोलीत बोलावतो, तर तिथे शिस्त वगैरे काही नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा, कोच कितीही नावाजलेला असो. बाकी ओरडण्याचं म्हणाल तर कडक की मऊ हे मोजत बसू नका. पोर हरल्यावर घरी येऊन जेवतं का, दुखतंय म्हणून सांगतं का, कोचला एखाद्या दिवशी "नाही जमणार सर" म्हणू शकतं का, खेळाबाहेर त्याला मित्र आहेत का, ते बघा. या चार गोष्टींची उत्तरं हो असतील तर थोडं ओरडणं पोरं पचवतात. नसतील तर सर कितीही गोड असले तरी माझ्याकडे या, किंवा जवळ कोणी असेल त्याच्याकडे जा.

बाय अजून त्याच सरांकडे आहे. जानेवारीत एका स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरली, आणि परत येताना पणजीत थांबून भाजी-पाव खाल्ला, दोन प्लेट. बाबा आणि मामा अजून भेटले की बोलेटिएरीवरून भांडतात, आता निदान तिच्यासमोर नाही. मागच्या महिन्यात ती आली होती, मी वहीबद्दल विचारलं. म्हणाली, अजून कधी कधी मोजते. परवा 6 होते. पण त्याच पानावर खाली सेकंड सर्व्हच्या पण रेघा होत्या, 50 मारल्या, 31 आत, आणि त्या तिने मला आधी दाखवल्या.